लोकलहोस्ट

दुक्ममध्ये नेट रात्री अकरानंतर जरा माणसात येतं.
तोवर ड्रायडॉकचे दिवे, वाळू, जनरेटर
आणि कंटेनरच्या खोलीत आम्ही सहा जण,
सहा कपाटं, एक किटली.

लॅपटॉप बिनीशचा जुना. बारा रियाल,
त्यातले सात अजून द्यायचेत.
विंडोज झेपेना म्हणून त्यानं आत लिनक्स घातलंय.
म्हणाला, ब्राउझरमध्ये मेल उघडत बसू नकोस,
पान अर्धं येतं आणि तिथंच बसकण मारतं.
फेचमेल लाव. सगळं टपाल एकदम घरात येईल,
मग नेट गेलं तरी वाच निवांत.
एवढं सांगून तो नाइट शिफ्टला गेला.

मी वेल्डर. बीड सरळ आली की नाही
मला काळ्या काचेआडून कळतं.
इथं काळ्यावर एक पांढरी रेघ नुसती लुकलुकते.
बरोबर असलो तर बोलत नाही.

फाइल लिहिली. सर्व्हर, नाव, पासवर्ड.
सेव्ह केली, तर गायब.
तीनदा लिहिली, तीनदा गायब.
चौथ्या रात्री कळलं, नावाआधी टिंब असलं
की फाइल घरातच असते, फक्त दिसत नाही.
आमचे मोठे काका असेच होते.

मग नवीन तक्रार: परवानग्या फार सैल आहेत,
तुझ्याखेरीज इतरांनाही ही फाइल वाचता येते.
मी मागे वळून पाहिलं.
शौकत टाचांना व्हॅसलीन लावत होता,
टेक बहादुर बायकोशी भांडत होता, स्पीकरवर,
आणि आम्ही कुणी ऐकत नव्हतो,
म्हणजे ऐकतच होतो.
अकरा वर्षं झाली. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत,
पगाराची स्लिप टेबलावर उघडी,
साबणसुद्धा कुणाचा कोण वापरतो ठाऊक नाही.
आणि हे यंत्र अडून बसलं:
आधी दार लावून घे, मगच काम करीन.
सीएचमॉड सहाशे. एंटर.
सहा माझे. बाकीच्यांना शून्य, शून्य.
जरा लाजल्यासारखंच झालं.

पासवर्डात एक हॅश होता, त्यानं दोन रात्री खाल्ल्या.
अवतरणचिन्हांत गुंडाळला तेव्हा गप्प बसला.

पुढे: लोकलहोस्टशी जोडणी होत नाही.
हा कोण? मला वाटलं मस्कतचा कुणी अधिकारी,
शुक्रवार धरून सुट्टीवर असेल.
बिनीश वरच्या बंकवरून, उशीत तोंड घालून:
"लोकलहोस्ट मतलब तुम."
म्हणजे तुझंच मशीन. टपाल दारात उभं आहे
आणि घ्यायला घरात कुणी नाही.

व्हिसावर, गेटपासवर, हेल्मेटच्या स्टिकरवर
मी कुणाचा ना कुणाचा तरी असतो.
यजमान म्हणून इथं कुणी नाव घेतलं नव्हतं.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
पत्ता पाठ करून टाकला.

मग घरातल्या घरात टपाल वाटणारा
एक छोटा प्रोग्राम बसवला,
आणि ओळीच्या शेवटी लिहिलं: कीप.
इकडे आलं म्हणून तिकडचं पुसलं जायला नको.

पावणेएक. दोनशे बारापैकी पहिलं, दुसरं, तिसरं
सरसर गेलं आणि सामसूम.
आलं तर गेलं कुठं? सगळे फोल्डर धुंडाळले.
काखेत कळसा. नुसतं "मेल" टाइप करायचं होतं.

विमा. विमा. रिचार्ज. कुणाला तरी लॉटरी.
एक्कावन्नावं ताईचं, देवरूखहून,
इंग्रजी अक्षरांत मराठी, पूर्णविराम नाहीच:
भालू झेरॉक्सच्या खोक्यात मांजर व्यायली
चार पिल्लं त्यातलं एक अगदी तू
दार उघडं असलं तरी उंबऱ्यावरच बसून राहतं

तारीख फेब्रुवारीची. आज ऑगस्टची नऊ.
एव्हाना बोका झाला असेल.

"किट्टियो?" वरून बिनीश.
मिळालं, म्हटलं. आता उत्तर कसं पाठवू?
तो कूस बदलून म्हणाला,
जाणारं टपाल वेगळं असतं. ते उद्या.