शेवटचं काय खाल्लं

सोहारच्या हॉस्पिटलात, इमर्जन्सीच्या तिसऱ्या पडद्याआड
डॉक्टर शमसा विचारतात,
शेवटचं काय खाल्लं? किती वाजता?
रोहिणी म्हणते, दुपारी बारा. वरणभात. चार घास.
लिजी सिस्टर बारा लिहिते.

मी गप्प.

मुग्धाचा हात कोपरापाशी भलत्याच दिशेला वळलाय,
बोटं गार, मेणासारखी,
नाडी लागते, सुटते, लागते.
व्हिजिट व्हिसावर आज तिचा अकरावा दिवस.
वय चार. त्यातली तीन वर्षं
तिनं मला तळहाताएवढा पाहिलाय,
बॅटरी संपेपर्यंतचा.
इथे आल्यापासून आईच्या मागे उभी राहून
ती मला पुरता न्याहाळते.
माझ्या पायांचं तिला फार नवल.

फॉर्म दोन भाषांत. दोन्ही समोरासमोरून येऊन
मधल्या रेघेपाशी थांबलेल्या.
सिस्टर हिंदीत समजावते, बोट ओळीवर ठेवून:
उलटी होऊ शकते, लाळ सुटेल,
श्वास मंदावेल, क्वचित घसा आवळतो.
डोळे उघडे असतील, पण ती बघत नसेल.
उठताना घाबरेल, काहीबाही बोलेल.

मी बंदरावर परांची बांधतो.
रोज सकाळी असल्याच कागदावर सही ठोकतो,
उंची, वारा, पट्टा, हेल्मेट,
वाचलं कधीच नाही.
आज सगळं वाचलं
आणि पेन टेकवून म्हणालो,
सिस्टर, बारा नाही. साडेपाच.

कॉर्निशवर, रोहिणी फोनवर होती तेवढ्यात,
आंब्याच्या रसाची अख्खी बाटली.
आधी बाबा म्हण, मग देतो.
तिनं बाटलीकडे बघून म्हटलं, बाबा.
प्यायली. घसरगुंडीवर चढली.
तेवढंच.

रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बोटांकडे.
पोट रिकामं व्हायची वाट बघत बसलो
तर हात वाट बघणार नाही.
सक्शनची नळी उशाशी ओढली.
औषध पाण्यासारखं, सुईभर.

एक मिनिटही झालं नसेल.
रडणं मधेच तुटलं,
डोळे उघडे
आणि बुबुळं या कडेहून त्या कडेला
झुलत राहिली, कोणी मागून हलवल्यासारखी.
मी त्यांच्या वाटेत तोंड आणलं.
माझ्यावरून गेली. परत आली. परत गेली.

सत्त्याण्णव. त्र्याण्णव.
यंत्राचा सूर एकेक पायरी खाली उतरायला लागला.
अठ्ठ्याऐंशी.
कुणीतरी तिची हनुवटी वर उचलली,
मास्क दाबला, लाळ ओढली.
मला देव आठवला नाही,
आठवली ती बाटलीवरची किंमत, दोनशे बैसा.
एक्क्याण्णव.
शहाण्णव.
मग कोपरातून खट् असा आवाज,
बारीक, बांबू जागेवर बसतो तसा,
आणि बोटांना हळूहळू गुलाबी चढली.

अर्ध्या तासानं ती ओरडतच उठली,
बाबा पडला! काढा त्याला! काच पुसा!
मी वाकलो. मुग्धा, हा बघ मी. इथेच आहे.
तिनं माझ्याआरपार पाहिलं.
तू नाही. छोटा.
छोटा बाबा हवाय.
मग सगळा आंबा माझ्या शर्टावर आला, कोमट, गोड वासाचा.

उतरेल, सिस्टर म्हणाली, औषध आहे ते,
उद्या तिला यातलं काही आठवणार नाही.
कडेला टिश्यूचा डबा सरकवला.

मी पडद्याबाहेर गेलो,
सलाइनच्या स्टँडजवळ, पिवळ्या शर्टानं,
आणि रोहिणीला व्हिडिओ कॉल लावला.
ती आत, मी चार पावलांवर.
ओली सुजलेली नजर स्क्रीनवर डुलत आली,
थबकली,
लागली.

बाबा, ती म्हणाली. माझा हात बघ.
मला ते दोनदा ऐकू आलं,
एकदा पडद्यातून
आणि जरा उशिरानं, फोनमधून.