बाहीचं माप

शेटलंडमधल्या येल बेटावर दर मंगळवारी
ऑस्लाच्या ओव्हनमधून बॅनक निघतात,
जाड गोल पाव, कडेने करपलेले,
आणि थोमसिना म्हणते, "आज बरे जमलेत गं."
ऑस्ला तिच्याकडे न बघताच
लोणी पुढे सरकवते.

बोलणं कशाचंही:
फेरीबोट पुन्हा रद्द,
मिन्नाच्या मेंढीला तिळं,
चहातली साखर कोणी सोडली,
कोणी नुसतंच सोडल्याचं सांगितलं.
सुया चालूच.

मग पोस्टमन येतो.
"हात पुढे कर," ऑस्ला म्हणते
आणि विणायची राहिलेली बाही
त्याच्या मनगटाकडे ओढून बघते.
तिचा मॅग्नस तेलाच्या फलाटावर, भर समुद्रात,
दोन वर्षं मापाला आलेला नाही.
"त्याचा हात लांब होता का रे तुझ्यापेक्षा?"
"शाळेत तरी नव्हता,"
पोस्टमन म्हणतो, तोंडात बॅनक.

थोमसिनाचा एक टाका गळतो.
ती तो लगेच उचलत नाही;
आधी किटली उचलते,
चौथा कप शोधते,
त्याचा कान तुटलेला, तरी तोच देते.

"दोन बोटं वाढव," मग म्हणते,
"लोकर आहे ना अजून.
लांब झाली तर दुमडेल तो."