डाव्या हाताचा अंगठा

चिपळूण कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या पत्र्याखाली
माझं टेबल. प्रतिज्ञापत्राला पानी तीस रुपये,
अंगठ्याची शाई फुकट.

अनुसया पालशेतकर वेळदूरहून पहिल्या एस्टीने आलेली.
बरोबर संस्थेची मुलगी, फाईल छातीशी धरून.
याचिका जनहिताची, मुंबईच्या कोर्टात.
तिला सोळा माणसं हवी होती
ज्यांचा ठसा रेशनच्या मशीनला दिसत नाही.
अनुसया सातवी.

चाळीस वर्षं ती खडकावरची कालवं फोडते.
कोयतीचा घाव चुकतो, शिंपीचा चुकत नाही.
बोटांवरच्या रेघा एकेक करून
दाभोळच्या खाडीत गेल्या.
मशीन म्हणतं : पुन्हा प्रयत्न करा.
दुकानदार नऊ महिने म्हणतोय : पुढच्या महिन्यात बघू.

मी टाइप केलं :
जगण्याच्या हक्कात अन्नाचा हक्क अंतर्भूत आहे.
तिने विचारलं, "भूक लिवलास काय रे?"
मी वर-खाली शोधलं.
अन्नसुरक्षा होती, पोषणमूल्य होतं,
लाभार्थी अकरा वेळा.
मुलगी म्हणाली, राहू दे काका, कोर्टाची भाषा असते.
मग शेवटचं ठरलेलं वाक्य मोठ्याने वाचलं :
मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल आहे.
"समाजला नाय," अनुसया म्हणाली, "पन कबूल."

आणि अंगठा पॅडवर दाबला.
कागदावर निळा गोळा. रेघ एकही नाही,
मधोमध कोयतीची तिरपी खूण.
नोटरीने चष्मा वर करून बघितलं,
शिक्का मारला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ती चढलीच नाही.
अंगठा एकटा गेला, कोकण रेल्वेने,
परिशिष्ट सात होऊन.

तारखा पडत राहिल्या.
मी फोनवर सांगायचो, ती तिथीत मोजायची.
"चवदा तारीख? म्हंजी अष्टमी. भांग.
पानी हटत नाय त्या दिशी. काय व्हायाचा नाय."
खरंच झालं नाही. सरकारी वकिलांनी मुदत मागितली.
पुढची अमावास्येला आली.
खडक उघडे पडले होते,
ती गुडघाभर पाण्यात वाकलेली असणार,
तेव्हाच शपथेवर सांगितलं गेलं
की जिल्ह्यात उपाशी कोणी नाही.

अंतरिम आदेश शिमग्याच्या आधी मिळाला :
ठसा उमटत नसेल तर वहीत नोंद करावी,
धान्य नाकारू नये.
दोन ओळी. त्यांच्यासाठी दोनशे बारा पानं.
दुकानदाराने तो दारावर
तांदळाच्या खळीने चिकटवला.
महिन्याभरात उंदरांनी खालचा कोपरा खाल्ला.
तारीख तिथेच होती.

आता तिला दोन माणसांचे दहा किलो मिळतात.
मागच्या नऊ महिन्यांबद्दल आदेशात काही नाही.
पोटाला थकबाकी नसते,
हे कोर्टाला कोणी सांगितलं कुणास ठाऊक.

परवा आली होती. स्टीलच्या डब्यात कालवं,
"ह्याची पावती नको."
मागे असगोलीची एक बाई, कडेवर पोर.
हिचा ठसा लागतो, पण कार्डावर नाव नाही.
मी कागद सरकवला :
मी, खाली सही करणार...
"पयली भूक लिव," अनुसया म्हणाली.

लिहिली.
बघू, कोण खोडतंय.