कपात

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला
अकराशे चौसष्ट माणसं माझ्या पडद्यावरून सरकतात.
मूळ वेतन, महागाई, रात्रपाळी,
मग उजवीकडचा रकाना:
भविष्यनिर्वाह, व्यवसाय कर, पतपेढी, कँटीन,
आणि गेल्या एप्रिलपासून
सत्तेचाळीस नंबरची ओळ.
दान, कंसात ऐच्छिक.

वीस, पन्नास, शंभर. तीनच चौकोन.
आपण जेवढे देऊ तेवढेच कंपनी घालणार,
असं मुंबईहून आलेल्या बाईंनी
सोलकढीचा पेला हातात धरून सांगितलं
आणि न पिताच तो खाली ठेवला.
फॉर्मच्या मागे चौदा संस्थांची यादी.
एकही पत्ता असा नाही
की जिथे जायला तरीत बसावं लागतं.

बॉयलरचे पाष्टे आले,
चष्मा कपाळावर, फॉर्म कोरा.
"म्याडम, माजे अकरा कापा.
आनि आमच्या साकवाला घाला."
अकरा घेत नाही हो संगणक. कमीत कमी वीस.
"मंग वीस. पन साकवाला."
साकव यादीत नाही.
"यादीत घाला."
नोंदणी लागते, पाष्टे. पॅन लागतो.
तीन वर्षांचा ताळेबंद लागतो.

ते हसले नाहीत.
"ताळेबंद हाय की.
दर साली पावसात व्हावून जातो,
दर साली दिवालीच्या आत बांदतो.
जमा तेवडाच खर्च."
आणि फॉर्मची चार पदरी घडी करून
विडीच्या बंडलामागे ठेवून दिली.

जुलैत साहेबांनी विचारलं,
सत्त्याण्णव टक्क्यांवर का अडलोय आपण?
गुजरातच्या प्लांटचे शंभर झाले.
उरलेले कोण, ते काढा.
मी काढले. पस्तीस.
फार वेळ लागत नाही,
ऐच्छिक या शब्दाला चाळणी लावली
की नावं आपोआप वर येतात.

ऑगस्टमध्ये पाष्ट्यांच्या ओळीत वीस होते.
मला काही बोलले नाहीत.
कँटीनच्या रांगेत फक्त विचारलं,
"जेवलाव काय?"

मग तो पुठ्ठ्याचा धनादेश आला, दरवाजाएवढा.
फोटोत मी डावीकडून चौथी,
शून्यांच्या बाजूचा कोपरा धरलेली.

ऑक्टोबरात पाष्ट्यांची रजा शिल्लक नव्हती.
तीन दिवस बिनपगारी.
कारणाच्या जागी त्यांच्या अक्षरात: साकव.
कारणाला माझ्याकडे संकेतांक नाही,
ते मी "इतर"मध्ये टाकलं
आणि तीन दिवसांची मजुरी कापली.
तेवढीच रक्कम
कंपनीने घातली नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी गेले बघायला.
शृंगारतळीहून आत, मग बरंच चालत.
पोफळीचे दोन सोट, वर बांबू,
काथ्याने करकचून बांधलेले,
आणि मध्येच एका गाठीला
आमच्या गोदामातली निळी पॅकिंगपट्टी.
बिनहिशेबी. मी बघितली नाही.
एक पोरगी दप्तर डोक्यावर घेऊन
समोरून आली, खाली न बघता,
आणि मी चपला हातात घेऊन
थरथरत उभी, तर म्हणाली,
"मावशी, आदी तुमी या."

मार्चमध्ये गुळगुळीत पुस्तिका आली.
मुखपृष्ठावर दुसरीच एक मुलगी,
मागे सपाट, तांबूस, कोरडी जमीन,
कुठे आहे कोण जाणे.
पायांत नवे बूट.
त्यांच्या नाड्यांत कुठेतरी
माझे पन्नास असतील. असतीलच.
तिच्यावर कसं रागवायचं?
तिच्याही वाटेत काहीतरी वाहत असेल.

आज पुन्हा पंचवीस तारीख.
नव्या वर्षाचे फॉर्म टेबलावर आहेत.
मी माझी खूण शंभरवर केली,
खोडली, पन्नासवर आणली.
उरलेले पन्नास
पाष्ट्यांच्या हातावर कसे ठेवायचे,
त्याचा फॉर्म
माझ्याकडे नाही.