चार्ज

परळच्या इस्पितळातली लाँड्री. चार्ज घेतला
त्या सोमवारी मी भिंतीवर तक्ता लावला,
तीन रंगांत, पट्टीनं आखलेला.
कुणी काही बोललं नाही.
मला वाटलं, पटलं.

गुरुवारी रोलर बंद. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी
ओल्याच, ढिगानं.
वरून फोन: जबाबदार कोण?
एक नाव ओठांवर आलं,
आणि ते नाव समोरच उभं, पदराला हात पुसत,
शेवंताबाई मयेकर.
"मीच," म्हणालो फोनवर.

मग पहिल्यांदा त्यांना विचारलं, झालंय काय?
"पट्टा सैल आहे. गणपतीपासून."
सांगितलं का नाही?
"तुम्ही तक्ता लावत होता."

तक्ता अजून तिथंच आहे.
त्यावर आता पेन्सिलीनं, त्यांच्या अक्षरात,
बरंच काही.
खोडरबर आणायचं काम माझं.