वायसर

हमीदचाचांनी सोडलं, हे खरं.
एकोणीस वर्षं रेल्वेच्या मैदानावर शिट्टी फुंकली
आणि सोमवारी इसाकच्या टपरीवर
चहा संपवून ग्लास पालथा घातला.
म्हणाले, "आता बघा तुमचं तुम्ही."

तेव्हापासून माझ्या पायरीवर
रोज रात्री साडेनऊला कमिटी भरते.
कमिटी म्हणजे
ज्यांना घरात कुणी बोलू देत नाही असे सातजण.
वर दांडीला भोपळे टांगलेले, वाळत.
मी आत सतारीला पडदे बांधतो,
दार उघडं, कान बाहेर.

तायाप्पाचं एकच, माणूस कोल्हापूरचा आणा.
तिथं पोरगं चालायच्या आधी लाथ मारतं.
"आणि आपण गोल खाल्ला की
तो मनातल्या मनात हसणार नाही कशावरून?"
हा फिलीप भोरे. मिशनच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो,
त्यामुळं माणसाच्या आतलं आपल्याला दिसतं
असा त्याचा समज आहे.

अशफाकच्या मोबाइलमध्ये पुण्याचा एकजण आहे.
लायसनवाला. चार-तीन-तीन खेळवतो.
"चार, तीन, तीन, म्हणजे दहा, वर गोलकीपर.
आपल्याकडं प्रॅक्टिसला येतात नऊ,"
सदानंद आवटी शांतपणे म्हणाला,
विम्याचा हप्ता सांगावा तसा.

मग निघतं गजा मगदूमचं नाव,
ज्यानं शहाण्णवच्या फायनलला
पेनल्टी आभाळात मारली.
बॉल म्हणे अजून खाली आलेला नाही.
"ज्यानं चुकवलीय, त्यालाच कळतं
कशी मारायची नसते ते."
"त्या हिशेबानं आपण सगळेच कोच की रं!"

यंदा सहा सामने, सहा भोपळे.
असं कुणी म्हटलं की सगळे एकदम वर बघतात
माझ्या दांडीकडं,
जसं काही मीच टांगलेत.
मी बोलत नाही.
सतारीला कडू भोपळाच लागतो, खायचा चालत नाही.
टिचकी मारून, कान लावून घ्यावा लागतो,
आणि मग वर्षभर थांबावं लागतं.
हे एकदा सांगणार होतो,
तोवर विषय पगारावर गेला.

डब्यात तीन हजार एकशे चाळीस.
"एवढ्यात माणूस येतोय.
परत जायचे पैसे त्यानं घालायचे."

तेवढ्यात रेहान सायकलवरून थांबला.
आमचा डावा विंगर, दहावीला दुसऱ्यांदा बसलेला.
एक पाय टेकवून म्हणाला,
"पंप कुणाकडं हाय? तिन्ही बॉल बसल्यात."

सातजण गप्प.
जंक्शनात मालगाडी डबे जोडत होती, तेवढाच आवाज.
कोच कोण व्हावा, याची नऊ नावं तयार होती,
पंपाचं एकही नाही.
"बघतो की," कुणीतरी म्हणालं.
पोरगं गेलं.

पंप माझ्याकडं होता.
मे महिन्यात चाचाच ठेवून गेलेले, कपाटामागं.
"एक कातड्याचं वायसर टाक रे, हवा मागं येती."
मी हो म्हणालो होतो.
हो म्हणायला काय जातंय.

आता दसरा आला.
सतार भिंतीला टेकवली. पंप खोलला.
जुनं वायसर वाळून चिंचोक्यासारखं कडक झालेलं.
चपलेच्या तुकड्यातून नवं कापलं,
पहिलं लहान झालं, दुसरं बसलं.
खोबरेल लावलं, बोटानं,
ज्या बोटानं तार दाबतो त्याच.

बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं,
"चाचांनाच परत विचारूया काय?"
यावर मात्र कुणी हसलं नाही.
कुणी उठलंही नाही.

मी नळीवर अंगठा ठेवून दांडा खाली दाबला.
हवेनं अंगठा ढकलला.
पुन्हा दाबला. पुन्हा.

बाहेर तायाप्पा म्हणत होता,
कायबी म्हणा,
कोल्हापूरचाच आणा.