चुकीच्या खात्यावरून

डुलुथला काल रात्री उणे एकवीस.
भाकरी थापली, ती तव्यावर टाकतानाच फाटली.
फोटो काढला, डोळ्यांवर झोप,
आणि टाकला तो नेमका तिथे
जिथे मी हेमांगी टिपणीस, विमा-दावे, अकरा वर्षांचा अनुभव,
निळा ब्लेझर, ओठ मिटून हसू.

दुसरीकडे माझं नाव ‘करपट’.
तिथे मी शिव्या देते, पीठ सांडते,
नोकरी सोडतेय असं दर गुरुवारी जाहीर करते.

सकाळी पुसून टाकायला फोन उघडला
तर चव्वेचाळीस जणांनी पाहिलेला, साहेबांनीसुद्धा.
खाली रेमंड लाहती.
त्याच्या जळक्या गोदामाचा दावा
मी मार्चमध्ये नामंजूर केला होता,
‘खेदपूर्वक’ हा शब्द दोनदा वापरून.

त्यानं लिहिलं होतं:
कडा फुटल्या म्हणजे पाणी गार होतं.
माझी आई जवाच्या करायची.

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी
घरघरत गेली, परत आली.
बोट ‘काढून टाका’वर तसंच.

मग लिहिलं, हो, गारच होतं.
आणि थोड्या वेळानं, खाली,
कचेरीतल्या भाषेत:
नुकसान अंशतः मान्य.